उलट्या पिळाचे सहा गज

माणूस गेल्यावर त्याच्या हातातली कला कोणाच्या नावे करायची? वकीलबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "जे कुलपात ठेवता येतं तेवढंच लिहा." मलाही उत्तर माहीत नाही, म्हणून कुलपात राहणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करते.

मी, लोहाराची थोरली मुलगी, वय एकोणतीस, घरातली पहिली पदवीधर, विषय इतिहास, व्यवसाय लोहारकाम, हे माझे पहिलेच मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मनगटावरचे भाजल्याचे दोन डाग सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे. या वयात हे कशाला, असे आईने विचारलेच. बाबांनी काही लिहून ठेवले नव्हते. ते गेल्यावर महिन्याभरात काकांनी त्यांचे पत्र्याचे नमुने भंगारात घातले. चाळीस वर्षांत जुन्या फाटकांवरून, खिडक्यांवरून एकेक वळण उतरवून घेतलेले ते पत्रे होते. काका म्हणाले, "गंजलेलेच तर होते."

१. ऐरण, भाता, सगळे हातोडे आणि सांडशा धाकट्या बहिणीला. ती वेल्डिंग करते आणि माझ्या कामाला 'म्हाताऱ्या लोखंडाचा दवाखाना' म्हणते. तरी तापलेल्या लोखंडाचा रंग तिला माझ्याआधी कळतो. अट एकच: ऐरणीवर कोणी बसायचे नाही, तिचा नवरा असला तरी.

२. राहत्या दोन खोल्यांतला माझा हिस्सा आईला. पदवीचे प्रमाणपत्रही तिलाच. भट्टीसमोर टांगून तिने ते धुराने काळे केलेच आहे. गिऱ्हाइकांना ती सांगते, "पोरगी शिकलेली आहे, उगाच घासाघीस करू नका."

३. काकांना गंज काढायचा तारेचा ब्रश. गंजाखाली काय असते ते त्यांनी एकदा पाहावे.

४. दादाला काही नाही. "शेवटी घणच मारायचा होता तर कॉलेज कशाला केलंस?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. मी नवा गज बसवते तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला माझी खूण आणि साल ठोकते. नक्कल हुबेहूब असावी, पण पुढे कोणी विचारले तर लोखंडाने खरे सांगावे, हे मी कॉलेजात शिकले.

५. आता वाचनालयाच्या जिन्याचा कठडा. तो माझ्या मालकीचा नाही, पण त्याबद्दल लिहिल्याशिवाय हा कागद पुरा होणार नाही. कठड्याला पीळ दिलेले अडतीस गज आहेत. बत्तीस दीडशे वर्षांपूर्वीचे. उरलेले सहा बाबांनी घडवले, मी जन्मले त्या वर्षी. बाबा डावखुरे होते. तापलेल्या गजाचे एक टोक व्हाइसमध्ये धरून दुसरे पान्याने फिरवताना त्यांचा हात सवयीने उलटा फिरला. बत्तिसांचा पीळ उजवीकडे चढतो, या सहांचा डावीकडे. लक्षात आले तेव्हा गज बसून गेले होते. ते हसून सांगायचे, "चुकलो, पण सहाच्या सहा सारखेच चुकलो."

यंदा दुरुस्ती समितीच्या तज्ज्ञसाहेबांनी ठरवले की ते सहाच गज मूळचे, कारण त्यांची घडाई सर्वांत सरस. बाकीचे बत्तीस ही नंतरची नक्कल. म्हणून बत्तीस काढून वितळवायचे आणि डाव्या पिळाचे नवे बसवायचे. ते काम मला मिळाले. इतके मोठे काम आमच्या भट्टीत कधीच आले नव्हते. पहिला दिवस मी नुसती मिरवण्यात घालवला, खोटे कशाला लिहू.

आई म्हणाली, "घे काम. त्यांना ते दीडशे वर्षांचं वाटलं, यात तुझ्या बापाचाच मान आहे."

"आणि बत्तीस ज्यांनी घडवले त्यांचा?"

"ते येणार आहेत का विचारायला?"

"बाबा तरी कुठे येणार आहेत?"

आईने पदर खोचला आणि चुलीकडे वळली. मग म्हणाली, "बापावरच गेलीस. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही."

"आणि तोही उलटा," धाकटी आतून म्हणाली.

बाबांनी आपल्या कामावर कधी खूण केली नाही. दीडशे वर्षांच्या कामाशेजारी त्यांचे काम उभे राहिले आणि तज्ज्ञाच्या नजरेत वरचढ ठरले. हा मान त्यांच्या नावावर लागला पाहिजे, दुसऱ्या कोणा अनामिकाच्या नव्हे. समितीने उद्या ते सहा गज काढलेच, तर ते धाकटीकडे जावेत. ते विकू नयेत, वितळवू नयेत, सुधारून सरळ पिळाचे करू नयेत.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: लोहाराची थोरली

साक्षीदार:
(१) शेजारचे सुतार. (सहीआधी म्हणाले, "लाकूड असतं तर एवढी भानगड झाली नसती.")
(२) वाचनालयाच्या ग्रंथपालबाई

स्थळ: आमची भट्टी
दिनांक: वीस फेब्रुवारी. आजच सकाळी मी समितीच्या कार्यालयात पत्र दिले: सहा गज माझ्या वडिलांचे आहेत, बत्तीस मूळचे आहेत, ते जागेवरून हलवू नयेत. कामाचा आदेश सोबत परत केला. कारकून म्हणाला, "ताई, एकदा पोच दिली की परत मागता येणार नाही." मी म्हटले, "द्या." पोच या कागदाला टाचली आहे.