धाकट्या बेटाच्या धक्क्याची वहिवाट

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, बंदर आणि तीन बेटे यांच्या दरम्यान चालणाऱ्या प्रवासी बोट कंपनीचा निवृत्त कप्तान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अकलेने आणि दुपारचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी दाखला दिलेला नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि कोणी माझे कान भरलेले नाहीत; एक कान तसाही सहा वर्षे बंद आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केल्याचे कोणी म्हणाल्यास तो कागद खोटा समजावा.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या वकीलबाईंनी करावी. त्यांनी मला बजावले आहे, "कप्तान, थोडक्यात लिहा, आणि कविता नको." मी प्रयत्न करतो.

१. दोरखंडांच्या गोदामावरच्या माझ्या दोन खोल्या मी सूनबाईंना देत आहे. मुलाला नाही, सूनबाईंना. माझे पथ्यपाणी त्यांनी केले, आणि माझी एकच गोष्ट चौथ्यांदा ऐकतानाही "मग काय झालं?" असे त्यांनी विचारले. पुढच्या खोलीच्या खिडकीतून कंपनीच्या चारही बोटी दिसतात. सकाळी सव्वासहाला पहिली बोट दोर सोडते, तेव्हा पाण्यावर जो उजेड पसरतो त्याला शब्द नाहीत; शोधून पाहिले, शाळेच्या पुस्तकातही नाहीत. त्या खिडकीला जाड पडदा लावू नये. ही अट नाही, विनंती आहे.

२. माझे चौथीचे कवितांचे पुस्तक आमच्या इंजिनचालकाला द्यावे. लाकडी पट्टी इंजिनाला आणि कानाला लावून तो ठोके ऐकत असे, म्हणून त्याला सगळे ठोकेमास्तर म्हणतात. असा कान मी दुसरा पाहिला नाही. एकदा भर समुद्रात त्याने खालून ओरडून सांगितले, "कप्तान, हिचं दुखतंय, हळू घ्या." बंदरात आल्यावर उघडून पाहिले तर नळीला केसाएवढी चीर. त्या दिवशी बोटीत शहाऐंशी माणसे होती आणि त्यांतल्या एकालाही काही कळले नाही. कंपनीचा मोठेपणा मला नेहमी यातच दिसला. माणसे उतरून आपापल्या घरी जातात, आणि आपण कशातून वाचलो हे त्यांना ठाऊकही नसते.

ठोकेमास्तराला कवितांचा तिटकारा आहे. "सगळं पुस्तक चाळलं, इंजिनाबद्दल एक ओळ नाही," असे तो म्हणतो. म्हणूनच देत आहे. त्याला या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. तेव्हा तो म्हणाला, "मग पुस्तक राहू द्या, सही करतो." मी ऐकले नाही.

३. माझी पितळी दुर्बीण धाकट्या बेटावरच्या तिकीटबाईंना द्यावी. याचे कारण लिहिले नाही तर त्या ती परत पाठवतील, म्हणून लिहितो.

धाकट्या बेटाला समोरून उंच कडा आहे. दाट धुके पडले की धक्क्यावरच्या घंटेचा आवाज कड्यावर आपटून दोन्ही बाजूंनी येई आणि कळेना धक्का कुठे. शब्दाचे तसे होत नाही. आधी आला तो माणसाचा, मागून आला तो कड्याचा. म्हणून आमच्या कंपनीत हाळीची पद्धत होती. धक्क्यावरून तिकीटबाईंनी शाळेतल्या कवितेची एक ओळ खणखणीत म्हणायची. बोटीवरून कप्तानाने पुढची एकच ओळ म्हणायची, म्हणजे बोट कुठवर आली ते त्यांना कळे. मग इंजिन मोकळे सोडून, सगळ्यांनी श्वास रोखून, त्यांची पुढची ओळ कुठून येते ते ऐकायचे. कविताच का, तर शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ती पाठ. कप्तान आजारी पडला तर खलाशी म्हणू शकेल, खलाशी आजारी पडला तर प्रवासी. ही पद्धत ज्याने शोधली त्याचे नाव कोणाला माहीत नाही. मी त्याला रोज मनातल्या मनात नमस्कार केला आहे.

एका सकाळी माझी अतिशय आवडती कविता आली. डोंगराने ढगाला थांब म्हणण्याची. मी माझी ओळ म्हटली, आणि गप्प राहायचे सोडून पुढचीही म्हटली. मग त्याच्या पुढची. धुके होते, आवाज छान लागला होता, डोळे आपोआप मिटले. कडवे पूर्ण झाले तेव्हा बोट वाळूत रुतली होती. भरती येईपर्यंत त्रेसष्ट माणसे चार तास जागच्या जागी बसून होती. कोणाला खरचटलेदेखील नाही. एका आजोबांनी मात्र मला शांतपणे विचारले, "कप्तान, अजून किती कडवी आहेत?"

तिकीटबाईंनी कंपनीला अहवाल लिहिला. त्यात एकच वाक्य होते : "कप्तानांनी थांबायचे सोडून कडवे पूर्ण केले." आठ महिने माझ्याकडून सुकाणू काढून घेतले आणि बोटीचा तळ रंगवायला बसवले. घरी बायको म्हणाली, "चाल तरी बरी लावली होतीत ना?"

सुकाणू परत मिळाल्यावरही मी तिकीटबाईंशी अकरा वर्षे बोललो नाही. एक शब्द नाही. धुके पडले की तेवढी त्यांची एक ओळ, माझी एक ओळ. ताप असो, घसा बसलेला असो, त्यांची ओळ कधी चुकली नाही. जिच्याशी मी अबोला धरला तिच्या आवाजावर विसंबून शेकडो माणसे उतरवत होतो, आणि तरी मला लाज वाटत नव्हती.

तर येथे नमूद करतो की त्यांचा अहवाल अक्षर न् अक्षर खरा होता. दुर्बीण त्यांनी ठेवून घ्यावी.

४. बँकेतील ठेव मुलगा आणि सून यांनी निम्मी निम्मी घ्यावी. ती फार नाही. त्यावरून भांडू नये, भांडण महाग पडेल.

५. आता ज्याच्यासाठी हा कागद करायला बसलो ते.

धाकट्या बेटावर बावीस पावले लांब आणि चौदा पावले रुंद असा खडकाचा तुकडा माझ्या नावावर आहे. तो माझ्या पत्नीला तिच्या वडिलांकडून मिळाला, आणि ती गेल्यावर माझ्याकडे आला. धक्का, त्याच्या पायऱ्या आणि प्रवाशांची शेड याच तुकड्यावर आहे. बाकी सगळा कडा; बोट लावायला दुसरी जागा नाही. बावन्न वर्षांपूर्वी कंपनीची माणसे विचारायला आली तेव्हा सासरे म्हणाले, "लावा की बोट. माझ्या पोरीला माहेरी यायला बरं." एवढ्यावर सगळे चालले आहे. कागद नाही.

त्या बेटावर एकेचाळीस घरे आहेत. माझ्या एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत कंपनीने तिथली सकाळची फेरी उतारूंअभावी एकदाही चुकवली नाही. कधी बोटीत तीन माणसे असत. कधी नुसत्या एक शिक्षिका आणि त्यांची छत्री. तरी सव्वासहा म्हणजे सव्वासहा. आता एका हॉटेलवाल्याला तो तुकडा हवा आहे, स्वतःच्या पाहुण्यांपुरता. त्याला तो मिळाला तर कंपनीची बोट तिथे लागणार नाही. मुलांची शाळा, आजाऱ्यांचा दवाखाना सगळे पाण्यापलीकडे राहील.

मुलाला तो विकायचा आहे. मी त्याला विचारले, तेव्हा तो ताडकन म्हणाला, "आईची जमीन आहे ती, बाबा. कंपनीची नाही."

"पण एकेचाळीस घरं..."

"एकेचाळीस घरांना तुम्ही वेळेवर पोचवलंत. आपल्या घरी कधी वेळेवर आलात?"

तो सातवीत असताना कवितागायनात पहिला आला, हे मला बोटीतल्या एका प्रवाशाने सांगितले होते. माझा मुलगा, कविता, पहिला नंबर, आणि मी तिकडे थोरल्या बेटावर दोर बांधत होतो.

या कागदाच्या पहिल्या खर्ड्यात मी तो तुकडा कंपनीला देऊन टाकला होता. तिकीटबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "छान. म्हणजे मुलाच्या वाटचं पुन्हा एकदा बोटीला दिलंत." मी तो खर्डा तिथेच फाडला. या बाईंचे अहवाल अजून तसेच असतात.

म्हणून आता असे ठरवतो : हा तुकडा संपूर्ण मालकीने मी माझ्या मुलाला देत आहे. तो आईचा होता, त्याचाच आहे. मात्र त्यावर बोट लावण्याचा, पायऱ्यांवरून चढण्याउतरण्याचा आणि शेडमध्ये थांबण्याचा वहिवाटीचा हक्क धाकट्या बेटाच्या रहिवाशांना आणि कंपनीच्या उतारूंना कायम राहील. पुढे जमीन कोणाच्याही हाती गेली तरी हा हक्क जमिनीबरोबर जाईल. कलमाची भाषा वकीलबाईंनी तपासली आहे.

गेल्या रविवारी हे कलम मी मुलाला वाचून दाखवले. त्याने दोनदा वाचायला लावले.

"म्हणजे ही जागा आता कोणी घेणारच नाही," तो म्हणाला.

"नाही घेणार."

"आणि माझ्या नावावर राहणार."

"राहणार."

त्याचा चहा पार गार झाला होता, तोच तो प्यायला. मग कप ठेवत म्हणाला, "तिसऱ्या पायरीचं बघायला हवं मग. हलते ती. उतरताना एखादी म्हातारी जाईल पाण्यात."

आई गेल्यापासून, म्हणजे सोळा वर्षे, आपण त्या धक्क्यावर पाऊल ठेवलेले नाही, असे तो सगळ्यांना सांगतो. ती पायरी गेल्या वर्षीच्या वादळात सैल झाली.

पायरीची दुरुस्ती त्याने त्याला योग्य वाटेल तशी, त्याला वाटेल त्या गवंड्याकडून करून घ्यावी. कंपनीने, वकीलबाईंनी किंवा आणखी कोणी त्यात लुडबुड करू नये.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर केली.

सही : निवृत्त कप्तान, दोन नंबरची बोट

साक्षीदार १ : डॉक्टर, मधल्या बेटाचा दवाखाना
साक्षीदार २ : कंपनीचा सुतार

ठिकाण : प्रवासी शेड, धाकट्या बेटाचा धक्का
दिनांक : १९ फेब्रुवारी २०१४