अक्काच्या घरात तो शब्द चालत न्हाई

४ फेब्रु., मंगळ.
हट्ट्याला, अक्काच्या गावी, जाऊन आले. अक्काच्या पोटात गाठ, पुढच्या हप्त्यात नांदेडला ऑपरेशन. म्हनलं, येशूला मागते तुझ्यासाठी, डोक्यावर हात ठेवू दे. उंबऱ्यातच अडवलं. "पयले जय भीम म्हन, मग चप्पल काढ."
म्हनले की. मसीही झाले म्हनून बाबासाहेब कुठं गेले माझे? चहा दिला. प्रार्थना न्हाई करू दिली. करीन. माझीच बहीन हाय.

९, रवि.
चर्चचे पाळक म्हनाले, बहिनीला मंडळीत आना, बरी झाली की येशूनं बरं केलं अशी माईकवर साक्ष देऊ द्या. नवीन हायेत, सगळं माईकवर पाहिजे. म्हनलं, आजारी बाईची वरात काढता का?

१२, बुध.
परत हट्टा. आज हात ठेवू दिला. नेहमीचं सुरू केलं, हे प्रभू, आमी पापी... अक्कानं हात झटकला.
"पापी कोन? आपल्या आजीला बी गाव तेच म्हनायचं. मागल्या जल्माचं पाप, ऱ्हा वेशीबाहेर. बाबासाहेबांनी ते फेकलं. तू पिशवीत भरून परत आनलं व्हय?"
"तसलं पाप न्हाई हे. सगळ्यायचं असतंय. पाटलाचं बी."
"मग पयले पाटलाकडं जा."
हसू आलं. राग बी आला.
निघताना म्हनली, "तो शब्द काढून येत असंल तर ये."
बसमधी बसून काढून बघितला. पुढं काही जुळंना. आमची प्रार्थना तिथूनच तर...
जुळंल. देवाला काय शब्दाची कमी?

१४, शुक्र. नांदेड, दवाखाना
आत न्यायच्या आधी अक्काच म्हनली, "कर लवकर, नर्सबाई उभी हाय."
हात ठेवला. बापा, ही माझी अक्का. हिनं मला कडेवर वागवलं. आता तू हिला वागव. आमेन.
"झालं? इतकीच?"
"इतकीच."
"बरी हाय ही. आता माझं म्हन."
बुद्धं सरणं गच्छामि. आईनं शिकवलेलं, घोकावं लागलं न्हाई. दोघी संगं म्हनलो. मग तिला नेलं.

पाळकांचा फोन येऊन राहिला. इचारतील, बहीन आली का आपल्याकडं? उचलला न्हाई. कोन कोनाकडं आलं, मलाच कुठं ठाऊक.
भ्या न्हाई वाटत. अक्का येईल बाहेर.
दार बंदच हाय अजून.