निळ्या डब्यातलं मीठ

४ ऑगस्ट २०२५, अमरावती

गृहअर्थशास्त्राच्या शिक्षिकांना एआयचं प्रशिक्षण. तीन दिवस. अकोल्याहून मी एकटीच. देवीदास गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर मुक्काम. तीन महिने झाले.

आधी फॉर्म. ‘वर्गात एआय वापरण्याची तुमची तयारी?’ पूर्ण, थोडी, नाही. मी ‘नाही’वर खूण केली. शिकवणारी प्रतीक्षा, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. “मॅडम, तो काही तुमचं पोळपाट-लाटणं हिसकून नेत नाही!” सगळ्या हसल्या. मीही.

५ ऑगस्ट

आज आहार-नियोजन. एका रुग्णाची माहिती भरायची, एआयला आहार विचारायचा, त्याच्या चुका काढायच्या. दुसरं कोणी सुचेना. यांचीच, देवीदासांचीच माहिती भरली. वय छप्पन्न, बीपी, शुगर, किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं. कमी सोडियमचं मीठ चालू.

उत्तर आलं — आधी हे मीठ थांबवा, डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल तर ते रक्तात साठतं, हृदय बंद पडू शकतं.

हृदयच बंद पडलं होतं.

प्रतीक्षाला विचारलं, हे खरं का? “त्याच्यावर विसंबू नका मॅडम, पुस्तकात बघा.” बघितलं. आम्ही वर्गात वापरतो तेच पुस्तक. खाली बारीक अक्षरात होतं.

सव्वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे — बीपीला कमी सोडियमचं मीठ. किडनीचं एकदाही लिहिलं नाही. घरीही मीच सुरू केलं. निळा डबा, फक्त यांच्या भाजीसाठी. “तुह्या मिठाले चवच नाही वं!” म्हणायचे. मी म्हणायची, होईल सवय. पुढे बोलायचे बंद झाले. मला वाटलं, झाली सवय.

६ ऑगस्ट

जाताना पुन्हा तोच फॉर्म. कोरा दिला.

८ ऑगस्ट, अकोला

बारावीला पाठ घेतला. पडद्यावर तेच उत्तर दाखवलं. म्हटलं, मी आजवर अर्धंच शिकवलं, दुरुस्ती लिहून घ्या. एकीने विचारलं, “मॅडम, कोणी आधीच खाल्लं असंल तर?” म्हटलं, डॉक्टरांकडे न्यायचं. लगेच. आवाज नीट होता.

१० ऑगस्ट

निळा डबा समोर बघवेना. सुंदराबाई चौदा वर्षं स्वयंपाकाला येतात. त्यांना म्हटलं, एवढं फेकून द्या.

“फेकता कायले? साधंच मीठ हाय त्यात.”

मी डब्याचं झाकण काढलं.

“भाऊनं शपथ घातली होती मले. दोन वर्सं मीच बदलून राहिली होती. तुमचं ते मीठ मोरीत! मॅडमले सांगू नको म्हणे. तिले वाटू दे, तिच्या हातानं बरा होऊन राहिलो म्हणून.”

चिमूटभर जिभेवर ठेवलं.

साधं मीठ.