दाजींनी अंगावर घेतलेली केस

३ फेब्रु., मंगळ.
कंपनीचा मेसेज आला. यांचा अर्ज नामंजूर. लायसन बरोबर, डोळे बरोबर, चलान एकबी न्हाय. पोलीस पडताळणीत केस निघाली. "प्रलंबित गुन्हा." बास, संपलं. ॲपवर गाडी चालवायची न्हाय.
हे मोबाईल नाकाला लावून परत परत वाचत बसले, वाचून अक्षरं बदलणार हायत जणू. टेंपोचं काम सुटल्यापासून एवढ्या एका कामावर डोळा होता. गाडी मालकाची. मालक म्हणला, "तुझा आयडी चालू झाला तर गाडी तुझ्या हातात. न्हायतर दुसरा ड्रायव्हर बघतो."
केस यांची न्हायच. गाडी माझा सख्खा भाऊ प्रशांत चालवत होता.

५ फेब्रु.
कुणाला सांगू? हितंच लिहिते.
लग्नाला वर्षबी झालं नव्हतं आमच्या. प्रशांतनं चिंचोळी एमआयडीसीच्या रस्त्यावर यांच्याकडनं टेंपोचं स्टेअरिंग मागून घेतलं. लायसन न्हाय, मस्ती लई. सायकलवरच्या माणसाला उडवलं. प्रशांतची पोलीस भरतीची तयारी चाललेली. अव्वा यांच्या पाया पडली. सासू, जावयाच्या! "एकुलतं एक पोरगं हाय, पदरात घ्या."
गाडीवाल्यांत असंच चालतं. ज्याच्याकडं लायसन, त्यानं अंगावर घ्यायचं, मागनं मिटवू म्हणायचं. हे उठले, चौकीत गेले, "मीच होतो" म्हणून सही करून आले.
आणि भरतीत प्रशांत पळायलाच बाद झाला. धापा टाकत घरी आला तवा मीच त्याला लिंबूपाणी दिलं. काय अक्कल होती मेलीला.

८ फेब्रु., रवि.
माहेरी गेलते. प्रशांत जेवत होता. म्हणलं, आता तरी खरं सांग, यांच्या पोटावर पाय आलाय.
"अक्का, मी कुटं म्हणलो होतो? दाजीच आपणहून पुढं झाले की."
वर म्हणतो, लग्न ठरायला लागलंय, आता असलं काय काढू नको.
अव्वा तर पुढचीच. "ड्रायव्हरवर केस असायचीच गं. त्यात काय एवढं? ह्याचं तसं हाय का? सुपरवायझर हाय तो."
म्हणलं, अव्वा, मी तुझ्या पोटची का दारात सापडलेली? तिनं प्रशांतला भाकरी वाढली. मला बस म्हणली न्हाय, जेव म्हणली न्हाय.
घरी येऊन यांना सांगितलं तर म्हणतात, "जाऊ दे. शब्द दिलता."
ताटात नुसती आमटी वाढली. म्हणलं, शब्द कुस्करून खा त्यात. खाल्ली बिचाऱ्यानं. त्याचाच जास्त राग आला.

११ फेब्रु.
कोर्टात तारीख होती. मी पहिल्यांदाच गेले. तो सायकलवाला माणूस आलता, पाय गेलेला. गेलेला म्हणजे हाय, पण वाकत न्हाय. चादरीच्या मागावर होता, आता घरी बसून. त्याची बायको यांच्यासमोर येऊन तेलुगूत काय काय बोलली. शेवटचं मराठीत बोलली, "तुमच्या घरातबी कुणाचे पाय चालायचे न्हाईत, बघा."
हे मान खाली घालून उभे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच. तळतळाट लागायचा कुणाला, लागतोय कुणाला! मला वाटलं, तिला हाताला धरून प्रशांतच्या दारात नेऊन सोडावं. तितं बोल म्हणावं काय बोलायचं ते.
वकील म्हणला, गुन्हा कबूल करा, दंडावर सुटायचं बघू. पण रेकॉर्डला कायम राहणार, मग कुठलीच कंपनी घेणार न्हाय. आणि आता खरं सांगितलं तर पोलिसांना खोटं का सांगितलं म्हणून यांनाच धरतील, ते वेगळं. विचार करा म्हणला. पुढची तारीख २७.
मालक तारखेपर्यंत थांबतो म्हणला.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
देवापुढं चांगलं मागावं म्हणतात. मी मागितलं, प्रशांतचं लग्न मोडू दे. उपासाच्या तोंडानं, पिंडीवर बेल वाहून मागितलं. लाज वाटली न्हाय.
दुपारी अव्वाचा फोन. नातेपुत्याचं स्थळ हाय. पोरीचे मामा चौकशीला येणार, आधी बहिणीच्या घरी, म्हणजे माझ्याकडं. "नीट बोल. भाऊ हाय तुझा."
म्हणलं, बोलते की, का न्हाय बोलणार?
कंपनीनं यांची चौकशी केली, आता प्रशांतची होऊ दे. उपास असून पोट भरल्यासारखं झालं.

१९ फेब्रु.
हे ओळखून हायत. "मामा आल्यावर काय बोलू नको." म्हणलं, तुमी तेवढं गप बसा, तुमाला सवय हाय. चहा न पिता बाहेर गेले.

२२ फेब्रु., रवि.
मामा आले. शुक्रवार पेठेत घर सापडंना म्हणून हेच कोपऱ्यावर जाऊन घेऊन आले. पांढरं धोतर, बोलायला गोड. पोहे केले, चहा केला. पोरगा कसा हाय, पितो का, कुणाच्या नादाला हाय का, सगळं विचारलं. मी म्हणलं, पीत न्हाय. पण एक हाय.
आणि सांगितलं. टेंपो, सायकल, चौकी, सही, सगळं. हे भिंतीकडं बघत बसले.
मामांनी बशीतला चहा संपवला.
"म्हंजे जावयानं मेव्हण्याचं अंगावर घेतलं?"
"व्हय."
"आन् आजवर तोंड उघडलं न्हाय?"
"न्हाय."
मामा यांच्याकडं वळले आणि हात जोडले. खरंच जोडले! "अशी माणसं मिळत न्हाईत. आमच्या पोरीला असंच घर पायजे हुतं. उद्या बरंवाईट झालं तर मागं उभं ऱ्हाणारं कोण तरी हाय."
मी म्हणलं, मामा, एका माणसाचा पाय गेलाय.
"वाईट झालं. पर पोरगं सुटलं की त्यातनं." आणि जाता जाता यांच्या खांद्यावर हात ठेवून, "नवरदेवाची गाडी तुमीच चालवायची बरं का, दाजी."
ते गेल्यावर मी पोह्याची ताटली भिंतीवर मारली. यांनी गप गुमान झाडून काढलं.

२४ फेब्रु.
सुपारी फुटली. अव्वाचा फोन, आवाजात साखर. "तू लई चांगलं बोललीस म्हणं. मामा खूश हायत. शेवटी रक्ताचं माणूस ते रक्ताचं." मी फोन तसाच ठेवला, ती बोलतच होती.
हे रविवारपासून माझ्याशी बोलले न्हाईत. रागानं असतील असं वाटलं होतं. तसं न्हाय. जेवताना मधेच म्हणाले, "हात कशाला जोडले गं त्यांनी मला?"

२६ फेब्रु.
उद्या तारीख.
संध्याकाळी प्रशांतचा फोन यांना. स्पीकरवर होता. "दाजी, उद्या कबूल करून टाका बघा. लग्नाआधी एकदाचं मिटंल. कंपनीचं काय, दुसरं काम मिळंल की तुमाला." मागनं अव्वा म्हणत होती, सांग त्यांना, सांग.
लग्न झाल्यापासून हे प्रशांतला कायम "बरं" म्हणत आलेत. आज म्हणाले, "बघतो." आणि फोन बंद केला.
म्हणलं, काय बघणार?
"तू चल उद्या."
कबूल करणार का खरं सांगणार, विचारलं तर पायात चपला घालून दाढी करायला गेले.
मी जाणार हाय. खरं बोलले आणि यांनाच धरलं तर डबा घेऊन मागं मागं फिरीन. न्हाय बोलले तर तितंच, चारचौघांत, बोंब मारीन. कुणाच्या नावानं, ते अजून माझं ठरलं न्हाय.