पाहुणे गेल्यावर

५ जानेवारी, सोमवार

गेले! शेवटची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी फाटकाशी हात हलवत उभी. हे म्हणाले, "खाली घे आता हात. दुखेल."

सुट्टीभर सातही खोल्या भरलेल्या, वर हॉलमध्ये जादा गाद्या. डोंगरातल्या तळ्याकाठचं हे गेस्ट हाऊस आमचं आणि नोकरही आम्हीच — मी, हे आणि स्वयंपाकाच्या मावशी. मावशी दुपारच्या गाडीने लेकीकडे गेल्या. जाताना बजावून गेल्या, "ताई, आता आभाळ कोसळलं तरी मला फोन करायचा नाही."

घरात चिटपाखरू नाही. चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायले.

६ जानेवारी, मंगळवार

आज माझी शोभा झाली. हे उठून बाथरूममध्ये गेले. तेवढ्यात मी चादर ओढली, अभ्रे काढले, कोणाचं काही राहिलंय का म्हणून पलंगाखाली वाकून पाहिलं. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर गादी उघडी! म्हणाले, "म्हणजे मी आज निघायचं का?"

हसून हसून पोटात दुखलं. मग संध्याकाळी आमच्याच खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक केली. आतून आवाज आला, "नंतर या, साहेब झोपलेत."

७ जानेवारी, बुधवार

आता मुद्द्याचं लिहिते. सोमवारी फोन येणार आहे.

सुट्टीत ते निळ्या जॅकेटवाले होते ना — पाच नंबरमध्ये, बायकोला घेऊन आलेले. त्यांना हे गेस्ट हाऊस विकत हवंय. जाताना म्हणाले, "बाई, तुम्ही किती दमता ते मी आठवडाभर बघतोय. सुटा की आता! विचार करा, सोमवारी फोन करतो." भला माणूस. रागवायलाही जागा नाही. आणि खोटं कुठे बोलला? माझी कंबर त्याच्याच बाजूने मत देईल.

मुलाला कळवलं तर तो उडालाच. "आई, विकून टाका! आमच्या शेजारच्या इमारतीत दोन खोल्या आहेत, चौथा मजला, लिफ्ट आहे." खिडकीतून काय दिसतं, विचारलं. म्हणाला, "समोरच्यांची गॅलरी. पण माणसं चांगली आहेत."

ह्यांना विचारलं तर नेहमीचंच, "तू म्हणशील तसं." मी काय म्हणते तेच मला कळत नाहीये! अठरा वर्षं सकाळपासून लोकांना विचारत आले — काय हवं, अजून काय हवं, उशी जाड हवी की पातळ. स्वतःला विचारायला बसले तर आतून कोणी ओ देईना. वाईट वाटलं. थोडं रडले. मग बरं वाटलं.

८ जानेवारी, गुरुवार

काही केलं नाही. दुपारी झोपले. छान.

९ जानेवारी, शुक्रवार

विकायचं तर एकदा सगळं नीट पाहून घ्यावं म्हणून खोल्या उघडल्या. पाच नंबरची गादी मध्ये खचलीय अशी तक्रार होती. खचलीय का ते बघायला टेकले — आणि डोळा लागला! चपला पायात, किल्ल्यांचा जुडगा पोटावर.

हे घरभर हाका मारत फिरले म्हणे. गोठलेल्या तळ्यापर्यंत जाऊन आले. मी सापडले तेव्हा हे रागावले. ह्यांचा राग म्हणजे काय, तर नाक लाल होतं. "अगं, निदान पाटी तरी लावायची दाराला!"

मग स्वतःच पलीकडच्या बाजूला बसले. मग आडवे झाले. जरा वेळाने म्हणाले, "गादी काही खचलेली नाही."

आम्ही राहतो स्वयंपाकघरामागच्या खोलीत. खिडकी आहे, पण ती उघडली की समोर गॅसच्या टाक्या. पहिल्या वर्षी तात्पुरते म्हणून तिथे गेलो, ते तिथेच. पाच नंबर म्हणजे आमची सगळ्यात चांगली खोली, तिथे पाहुण्यांनी राहायचं. असंच चालत आलं, त्यात विचार करण्यासारखं काही असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

हे म्हणाले, "आज इथेच झोपू या का?" मी म्हटलं, "चादरी धुवाव्या लागतील." हे म्हणाले, "मी धुतो."

१० जानेवारी, शनिवार

जाग आली ती उजेडाने. समोर सगळं तळं! बर्फावर गुलाबी ऊन आणि काठावर एकटाच पक्षी ऐटीत चालतोय, भाड्याचे पैसे भरल्यासारखा. ही खिडकी मी किती वेळा पुसली असेन, पण काचेवरचे डागच पाहिले. लोकांना मात्र तोंड भरून सांगायची, "पाच नंबर घ्या, सकाळ बघत राहाल!" ज्याचं त्याला आणि गाढव ओझ्याला.

पण झोपून पाहिल्यावर खोड्याही कळल्या. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला येत नाही. टॉवेलची खुंटी एवढी उंच की लावणारा जिराफ असावा. (लावणारे हे.) नळ थेंब थेंब गळतो. तक्रार आली की मी हसून सांगायची, "सवय होते हो." रात्रभर थेंब मोजताना स्वतःच्या थापेची लाज वाटली. ह्यांनी नाश्त्याआधीच नळाचा वायसर बदलला आणि खुंटी खाली आणली.

नाश्ता म्हणजे काय, तर अंडी-पाव. ट्रे घेऊन हे दारात उभे, "खोली आवडली का, मॅडम?" मी म्हटलं, "खोली चांगली आहे. माणूस जरा म्हातारा ठेवलाय."

आजही इथेच झोपणार आहोत.

११ जानेवारी, रविवार

ठरलं. उद्या हो म्हणायचं.

सकाळी खिडकीशी बसून शांतपणे सगळा विचार केला. दमले आहे, हे खरं. नाही म्हणता येत नाही, हेही खरं. जादा गादी मागितली की गादी, वेळ टळल्यावर चहा मागितला की चहा, वर हसू फुकट. पण कामाचा कंटाळा आलाय का? तर नाही. लोक येतात, लाजत बसतात, तिसऱ्या दिवशी मोठ्याने हसायला लागतात — ते मला आवडतं. मी काही वाईट जगले नाही. मला फक्त अशा सकाळी हव्यात, बाकी काही नको. आणि त्या मिळायच्या तर इथून सुटायलाच हवं ना?

ह्यांना सांगितलं. "बरं," म्हणाले आणि तळ्याकडे बघत राहिले. पेपर मांडीवर तसाच. मग म्हणाले, "चौथ्या मजल्यावर वारा चांगला येत असेल." मला एकदम भरून आलं. हात धरून बसलो.

१२ जानेवारी, सोमवार

फोन आला. हे शेजारी उभे, नाक लाल. निळ्या जॅकेटवाले म्हणाले, "मग काय ठरलं, बाई?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "नाही. विकायचं नाही." माझ्याच कानांवर विश्वास बसेना! ते बिचारे हसले, "हरकत नाही. मग पुढच्या सुट्टीत आमच्यासाठी पाच नंबर ठेवा."

"तीन नंबर देते," म्हटलं. "पाच नंबरमध्ये आम्ही राहतो."