ताईसाठी उघडलेली गाडी

मंगेश,
महागावहून आलेल्या द्वारकाताईच्या पत्राला मी महिनाभर उत्तर दिलं नाही. "ऑपरेशनले यवतमाळले येनं हाय. बसमधी मले उन्हाची भोवळ येते, तुमच्या थंड गाडीनं नेशील का?" असं माझ्या बहिणीनं विचारलं होतं. गाडीचा एसी बिघडलाय हे कळवायची लाज वाटली. म्हणून आज तुझ्यामागे नवा कंप्रेसर मीच बसवायला घेतला. प्रत्येक बोल्टला नंबराची चिठ्ठी बांधली, पण पाइप सैल करताच सगळा गॅस उडाला. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "काकाजी, गॅस काढल्याबिगर पाइप कायले खोलला?" गाडीच्या पुस्तकात ते दोन पानं पुढे होतं. आता इंजिनाचा पट्टाही बसत नाही, म्हणजे गाडीच चालायची नाही. तुला समोर सांगायचा धीर नाही, म्हणून ही चिठ्ठी. 'तुला घ्यायला येतो, सोमवारी ऊन चढायच्या आत पहाटेच्या बसनं निघू,' असं ताईला लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून आलो.
बाबा