बिनरक्ताची आवृत्ती

४ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. गेम जपानी, गुंडांच्या टोळ्यांचा. आपल्याकडच्या आवृत्तीत रक्त दिसता कामा नये. मी खेळायचं, रक्त दिसलं की शेजारच्या प्रोग्रामरला सांगायचं. तो लाल थेंब पांढरे करतो, म्हणजे रक्ताचा घाम होतो. महिनाअखेर दोन गोष्टी लिहून द्यायच्या: रक्त दिसत नाही, आणि खेळणाऱ्याच्या वागण्यावर परिणाम होत नाही. मग गेम बाजारात आणि मी नोकरीत कायम.
मॅडमनी विचारलं, मारामारी झेपेल ना? म्हटलं, हात न उगारता गेम संपवून दाखवते. दहावीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. शिक्षा एकच असायची: राग आला की तो उतरेपर्यंत दोन्ही हात मांडीखाली. अशा मुलीला गेम काय बिघडवणार?

५ मार्च
हात उगारला नाही. पहिल्याच गल्लीत तिघांनी मला भिंतीवर आपटलं, पोटात गुडघे घातले, तोंडावर बूट दिला. उठले. परत बूट. दिवसभर तीच गल्ली. प्रोग्रामर (ऑफिसात सगळे त्याला चष्मा म्हणतात) म्हणाला, ताई, त्यांना चहा विचारून बघा. दुर्लक्ष केलं.

७ मार्च
धोरणात बारीक बदल. फक्त स्वसंरक्षण. माणशी एकच बुक्की आणि लगेच 'सॉरी'. चष्मा म्हणाला, सॉरी मनात म्हणा, इथे लोक कामं करतायत.

१२ मार्च
सायकल उचलता येते! कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानाबाहेरची सायकल एकाच्या डोक्यात घातली, तिनेच दुसऱ्याचे दात पाडले. दात छान घामात पडले. ते पळत होते हे खरं, पण परत आले असते. म्हणजे स्वसंरक्षणच.
बाबांचा फोन. काय काम करतेस? म्हटलं, तपासणी. सायकलचं सांगायला वेळ नव्हता.

१८ मार्च
आजच्या तक्रारी: ओल्या रस्त्यावर पडलेला पाटीचा लाल उजेड. एका गुंडाचा टाय. चष्म्याने विचारलं, सिग्नलचाही घाम करू का? विचार करून हो म्हटलं.
संध्याकाळी ऑफिसची लिफ्ट येईना, दाराला लाथ घातली. एकच. दार आधीपासूनच वाकडं असावं.

२६ मार्च
शेवटचा शत्रू. इमारतीची गच्ची, उघडा माणूस, पाठभर गोंदलेला मासा. त्याने माझा हात पिरगाळून मोडला, मानेवर टाच दिली, कठड्यावरून खाली फेकलं. वर हसला. मरण्याचं काही नाही, हसला ते लागलं. जेवणाच्या सुट्टीत हात मांडीखाली घालून बसले. चष्मा म्हणाला, ताई, भरवू का?

२९ मार्च
जिंकले!! एकेक बरगडी मोडली. केस धरून डोकं कठड्यावर आपटलं, थांबला तरी आपटलं. 'हस आता, हस ना मेल्या!' असं कुणीतरी किंचाळलं. मॅडम केबिनमधून धावत माझ्याकडेच आल्या, त्याअर्थी मीच. आनंदाने कंट्रोलर मागे फिरवला. मागे चष्मा अभिनंदन करायला वाकला होता. कंट्रोलर थेट त्याच्या नाकावर बसला.
कीबोर्डभर रक्त. लाल. याचा घाम करणारा माणूस स्वतःच नाक धरून खाली बसलेला.

३० मार्च
मॅडमनी कागद पुढे केला. रक्त दिसत नाही: लिहिलं. वागण्यावर परिणाम नाही: तेही लिहिलं, ठाम अक्षरात. कालचा तर निव्वळ अपघात. साक्षीदार म्हणून चष्म्याची सही लागते. नाकात बोळे, त्यामुळे गेंगाणा झालाय. म्हणाला, ताई, पहिल्या ओळीवर करतो. दुसरीवर माझ्याच्याने होणार नाही.
त्याला समजावायला मी हात वर केला. नुसता समजावायला. तो टेबलाखाली गेला.
मॅडमनी कागद उचलून घेतला. गेम लांबला, मी आणखी तीन महिने नोकरीत कच्ची.

रात्री
बाबांकडे आले. सगळं सांगितलं, सायकलसकट. त्यांनी फक्त खुर्ची ओढून दिली.
डावा हात मांडीखाली आहे, उजवा लिहून झालं की घालते. शांत आहे मी. आता दुसरा गेम मिळालाय, बागेत फुलझाडं लावायचा. अगदी माझ्या स्वभावाचा.
फावडं उचलता येतं का, तेवढं विचारायचं राहिलं.